मंडईतला फ्लेक्स

भन्तेजींचं जेवण बाराच्या आत व्हावं लागतं. त्यामुळे धोंडिबा ओव्हाळांच्या स्मृतिदिनाला घरात कितीही धुसफुस असली, तरी भांडणाला तोंड फुटतं ते दुपारनंतरच. हा आता त्या घराचा शिरस्ताच झाला होता. या वर्षी मात्र सकाळपासून सगळे एकमेकांशी इतके गोड वागत होते की धोंडिबांच्या पत्नी चंद्रभागाबाईंना उगाचच काळजी वाटू लागली होती.

त्रिशरण-पंचशील झालं, भोजनदान झालं, भन्तेजी गेले. हॉलमध्ये बुद्धमूर्ती, तिच्यावर बाबासाहेबांची तसबीर आणि खाली पाटावर धोंडिबांचा फोटो. फोटोपुढे फुलं नव्हती, वह्या आणि पेनांचा ढीग होता. माझ्यामागे हार आणू नका, वही-पेन आणा, असं धोंडिबाच सांगून गेले होते. मंडईत चाळीस वर्षं हमाली केलेल्या माणसाला हारांचं दुसऱ्या दिवशी काय होतं ते चांगलं ठाऊक होतं. झाडूवालासुद्धा त्यांच्यावर वैतागतो.

या वह्या गेली तीन वर्षं सत्यशीलाच्या मंडळातल्या पोरांकडे जात. सत्यशीला ही धोंडिबांची थोरली. बँकेतून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच महिन्यात बाल न्याय मंडळात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागली. पगार नाही, खुर्ची नाही. ज्यांच्या पोरांवर केस झाली आहे त्या आईबापांच्या शेजारी बाहेरच्या बाकावर बसायचं, आत जे बोललं गेलं ते त्यांना समजेल असं सांगायचं, शाळेचा दाखला मिळवून द्यायचा, आणि तारखेला कोणी आलं नाही तर घरी जाऊन का आलं नाही ते बघायचं. धाकटा भाऊ संजय म्हणायचा, "आमची ताई तीस वर्षं काउंटरच्या आत बसली. आता बाहेर बसते. प्रगती आहे."

ती अशी दर बुधवारी बाहेर बसायची म्हणून किती पोरं आत जायची वाचली, हे संजयने कधी विचारलं नव्हतं. तिनेही कधी सांगितलं नव्हतं. त्या पोरांबद्दल ती घरात बोलायची ती खोट्या नावांनी. मुक्ताबाई हे एका आईचं नावही तसलंच. ज्या मुलीवरून त्या दिवशी घर पेटलं तिला तर तिने खोटं नावसुद्धा दिलं नव्हतं, नुसती 'मुक्ताबाईची मुलगी'. आपणही दोघींना तेवढंच म्हणू, मंडईतल्या लोकांच्या तोंडीही. कायदा तसा आहे आणि तो चांगला आहे.

"आत्या, इकडे ये. तुला सरप्राइज आहे," आयुष मोबाइल नाचवत म्हणाला. संजय-कल्याणीचा हा मुलगा, हिंजवडीत नोकरीला. जेवणाची ताटं उचलून झाली होती, सगळे हॉलमध्ये सतरंजीवर टेकले होते. "आजोबांचा फ्लेक्स. पूर्ण डिझाइन माझं."

सत्यशीलाने चष्मा लावला.

वरच्या ओळीत गोल गोल चौकटींत साहेब, साहेबांचे साहेब आणि त्यांच्याच रांगेत, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, डोक्याला मुंडासं बांधलेले धोंडिबा. 'कालकथित धोंडिबा ओव्हाळ यांच्या स्मृतीस अभिवादन.' त्याखाली, फ्लेक्सचा खालचा अर्धा भाग व्यापून, कल्याणी एका मुलीला वही देत होती. मुलगी तोंडभर हसत होती. आणि खाली ओळ होती : 'विधिसंघर्षग्रस्त बालिकेस शैक्षणिक साहित्य देताना आपल्या हक्काच्या कल्याणीताई.'

"शब्द बघ ना," आयुष खुशीत म्हणाला. "डिझाइनवाल्याने बालगुन्हेगार लिहिलं होतं. मी म्हटलं, आमची आत्या मारेल. करेक्ट शब्द टाकला."

सत्यशीलाने मोबाइल मांडीवर ठेवला. "कुठे लागणार आहे हा?"

"मंडईत. चौकात. संध्याकाळी साहेबांची सभा आहे ना तिथे."

"नाही लागणार," सत्यशीला म्हणाली.

स्वयंपाकघरातून कल्याणी हात पुसत बाहेर आली. "काय नाही लागणार?"

"ही मुक्ताबाईची मुलगी आहे, कल्याणी."

"माहितीये की. मागच्या महिन्यात तुमच्याकडे आल्या होत्या मायलेकी. मीच वही दिली तिला. तुम्ही चहा करत होता तेव्हा आयुषने फोटो काढला."

"मुक्ताबाई काय करते?"

"भाजी विकते."

"कुठे?"

कल्याणीने पुसलेले हात पुन्हा पुसले. मुक्ताबाई मंडईतच पालेभाजी घेऊन बसायची.

सत्यशीला सावकाश, एकेक शब्द जोखत बोलू लागली. बँकेत खवळलेल्या खातेदाराशी ती असंच बोलायची. "त्या पोरीच्या आतेभावाने तिच्याकडे पिशवी दिली, सांभाळ म्हणाला. पिशवीत चोरीचे मोबाइल निघाले. पोरगी निरीक्षणगृहात राहून आली. मुक्ताबाईने मंडईत सगळ्यांना सांगितलंय, पोर मावशीकडे गावाला होती. आता अकरावीला घातलीये मी तिला, जिथे कोणी ओळखत नाही अशा कॉलेजात. बुधवारी शेवटची तारीख आहे. मंडळ केस बंद करेल, कागदसुद्धा पुढे ठेवत नाहीत. जणू काही झालंच नाही, असं कायदा म्हणतो. कायदा विसरायला तयार आहे, आणि आपण तिचा दहा फुटांचा फोटो काढून तिच्या आईच्या डोक्यावर टांगतोय. खाली लिहून, की ही ती."

संजयने नेहमीप्रमाणे थट्टेवर न्यायचा प्रयत्न केला. "अगं ताई, पुण्यात फ्लेक्सवरचा चेहरा बघतं कोण? लोक फक्त आपला फोटो आहे का ते बघतात."

"मंडईत तिला सगळे लहानपणापासून ओळखतात, संजय."

"मग डोळ्यांवर काळी पट्टी टाकू," दीपाली म्हणाली. सगळ्यांत धाकटी, मंत्रालयात अधिकारी, सकाळच्या गाडीने मुंबईहून आली होती. कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना पटेल असा एक मसुदा तिच्याकडे तयार असे. "पेपरात टाकतात तशी. ताईचंही समाधान, वहिनीचंही काम."

"काळी पट्टी लावली की न वाचताच कळतं चोर आहे म्हणून. त्यापेक्षा चेहरा बरा."

दीपालीने थोडा विचार केला. "हो, तेही खरंच," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. कल्याणीने तिच्याकडे पाहिलं. सकाळी हीच नणंद 'वहिनी, या वेळी तुझंच तिकीट' म्हणत होती.

कल्याणीच्या मनात त्या क्षणी काय होतं हे समजून घेतलं पाहिजे, कारण या घरात ते कुणी फारसं घेतलं नव्हतं. वीस वर्षं ती बचत गट चालवत होती. कुणाचं रेशनकार्ड, कुणाची पेन्शन, कुणाच्या दारूड्या नवऱ्याला चौकीत बसवणं, हे सगळं तिने केलं. महापालिकेच्या दर निवडणुकीला पक्षाचं तिकीट दुसऱ्याच कुणाच्या बायकोला जायचं आणि कल्याणी तिच्या पत्रकांचे गठ्ठे वाटायची. या वेळी जागा महिलांसाठी राखीव झाली होती, तीही अनुसूचित जातीतल्या. साहेब संध्याकाळी मंडईत येणार होते आणि याद्या दोन दिवसांत ठरणार होत्या. आता नाही तर कधीच नाही, हे तिला आरशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

"ताई, मी काय वाईट केलं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण फाटला होता. "चोरी केली का? वही दिली पोरीला. तुम्ही तीन वर्षं तेच करता तर तुम्ही समाजसेवक. मी एक फोटो लावला तर मी गुन्हेगार?"

"तू वाईट केलं नाहीस."

"मग?"

"मग लावू नकोस."

"आज फ्लेक्स नाही दिसला तर साहेब विचारतील, कल्याणीताई आहेत कुठे?"

"अगं कल्याणी, मला कळतंय सगळं. पण लागला तर मी उद्या सकाळी मंडळापुढे लेखी तक्रार देईन. पोरीची ओळख फोडली म्हणून. पहिलं नाव माझं घालीन, कारण माझ्या घरात फोटो निघाला. दुसरं तुझं."

"ताई!" संजय उठलाच. "घरातल्या माणसावर केस करणार तू? परक्या पोरीसाठी?"

"हो."

एवढंच म्हणाली ती. पुढे 'कारण' वगैरे काही नाही. संजयला बहिणीचा हा 'हो' लहानपणापासून माहीत होता. अण्णांनी, म्हणजे धोंडिबांनी, नाही म्हटलेल्या कॉलेजला ती या 'हो'च्या जोरावर गेली होती. तो परत खाली बसला. आता आपण बायकोच्या बाजूने ओरडायचं की बहिणीपुढे गप्प राहायचं हे त्याला ठरवता येईना, आणि कुणाला ते ठरवायची गरजही वाटत नव्हती.

तेव्हा चंद्रभागाबाई बोलल्या. खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाकडेही न बघता. "सत्यशीला, तुझ्या बापाचा फोटो लागतोय गं मंडईत. ओझ्याखाली मान खाली घालून चाललेला माणूस तो. जन्मभर. एकदा तिथं वर दिसू दे मला. मी परत काय मागत नाही."

हे मात्र सत्यशीलाला लागलं. भावजय, भाऊ, पुढारी यांच्याशी ती भांडायला तयार होती. आईच्या या मागण्याची तयारी तिने केली नव्हती. "आई, दुसरा लावू. फक्त अण्णांचा."

"कधी?"

सत्यशीलाने मांडीवरचा मोबाइल आयुषला परत दिला.

"कुणाला काही ठरवायचं असेल तर," आयुष मोबाइलकडे बघत कसनुसा म्हणाला, "लागलाय तो. आत्ता फोटो आला."

सत्यशीलाने पर्स उचलली. "गाडी काढ."

*

लक्ष्मी रोडवर दिवाळीची खरेदी अजून उतरली नव्हती. आयुषची स्कूटर दोन बसच्या मधून मुंगीसारखी सरकत होती आणि मागे बसलेली आत्या एक शब्द बोलत नव्हती. आयुषला आईचं रागावणं परवडायचं. तिचं बोलून संपायचं.

सिटी पोस्टाच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा तोच म्हणाला, "आत्या, मी शब्द तरी बरोबर लिहिला होता ना?"

"शब्द बरोबर होता रे. तो कुणाच्या फोटोखाली लिहायचा नसतो."

"एवढं लक्षात यायला पाहिजे होतं मला. आय मीन, आम्ही ऑफिसात कस्टमरचा फोन नंबरसुद्धा कुणाला दाखवत नाही. त्याचं ट्रेनिंग असतं."

"मग आपल्या घरीही ठेवू एखादं," आत्या म्हणाली. आयुषला बरं वाटलं. टोमणा आला म्हणजे राग उतरू लागला होता.

मंडईच्या चौकात वळल्यावर फ्लेक्स शोधावा लागला नाही. बांबूच्या परांचीवर तो असा ताणून बसवला होता की आयुषच्या मनात नको असताना आलंच, रंग काय सुंदर उतरलेत. आजोबा साहेबांच्या रांगेत निवांत बसले होते. त्यांच्याखाली मुलगी हसत होती. दात, टिकली, गालावरचा तीळ, सगळं लख्ख.

बांबू बांधणारा ज्ञानदेव खालीच उभा होता. "उतरवा म्हणता? का हो? आत्ताच तर दोऱ्या आवळल्या."

"चूक झालीये. मी कल्याणीताईंचा मुलगा आहे."

"असाल. पण कल्याणीताईंनी सांगितलं, लाव. आता त्यांनी सांगू द्या, काढ. नाहीतर उद्या त्या माझी शाळा घेतील."

पक्षाचे दोन कार्यकर्ते तोवर जवळ आले. गळ्यातलं उपरणं सावरत एक म्हणाला, "ओ मॅडम, साहेबांचा फोटो आहे त्याच्यावर. हात लावला तर वेगळा विषय होईल. आधीच सांगतो."

आयुषने आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्याने वळून पाहिलं तर आत्या तिथे नव्हती.

ती पालेभाजीच्या रांगेत गेली होती. मुक्ताबाई नेहमीच्या जागेवर होती, पण तिने टोपल्या फिरवून ठेवल्या होत्या आणि फ्लेक्सकडे पाठ करून बसली होती. समोर मेथीची जुडी धरलेलं गिऱ्हाईक उभं होतं आणि तिचं लक्ष नव्हतं. सत्यशीला शेजारी पोत्यावर टेकली.

"मुक्ताबाई."

"बघितला मी, ताई." मुक्ताबाईचा आवाज अगदी साधा होता. "बाया आल्या विचारायला. ही तुझीच ना म्हणाल्या. मी म्हटलं, नाय. तशी दिसती." तिने मेथीवरची माती बोटाने झटकली. "पोटची पोर वर हसती आणि मी म्हनते नाय."

आयुष मागे येऊन उभा होता. त्याने ते ऐकलं. पुढे कित्येक दिवस त्याला आपला कुठलाही चांगला फोटो बघितला की हे वाक्य आठवायचं.

"ती कधी येते?" सत्यशीलाने विचारलं.

"कॉलेज सुटलं की इथंच येती. आता यील."

"त्याआधी उतरवते."

"कशी?"

"कशी ते मलाही माहीत नाही. पण उतरवते." आणि ती उठून पुन्हा फ्लेक्सकडे निघाली. लढायला निघालेल्या माणसाकडे काहीतरी असावं लागतं. तिच्याकडे पर्स होती.

*

घरी ती दोघं गेल्यावर कल्याणी बराच वेळ स्वयंपाकघरात उगाचच ओटा पुसत राहिली. संजय गॅलरीत जाऊन उभा राहिला, दीपालीने टीव्ही लावला आणि बंद केला. शेवटी चंद्रभागाबाई काठी घेऊन दारात आल्या.

"चल."

"कुठे, आई?"

"तुझा सासरा बघायला. उतरवायच्या आत."

रिक्षात फोन दोनदा वाजला. आयुषचं नाव दिसलं. कल्याणीने उचलला नाही. उचलला असता तर हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं.

त्या दिवसाचा फोटो तिला आठवत होता. मुलगी आधी हसतच नव्हती. मान खाली घालून, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभी होती. कल्याणीने वही पुढे केली आणि म्हणाली, "जपून वापर गं बाई. मी दहावीला गणितात दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा माझी वही बघून मास्तरच रडले." तेव्हा ती हसली होती. मुक्ताबाईने लेकीकडे चमकून पाहिलं होतं. आपण हसवलं एका पोरीला, या आनंदात कल्याणीने तो फोटो निवडला होता. सत्तेसाठी निवडला असता तर दुसरा होता, त्यात साडी जास्त चांगली दिसत होती.

मंडईत उतरल्यावर चंद्रभागाबाईंनी मान वर केली आणि त्या थांबल्याच. डोळ्यांवर हात धरून त्या बघत राहिल्या. "मुंडासं नीट आलंय," एवढंच त्या म्हणाल्या.

कल्याणीने फ्लेक्स पाहिला. छान होता. वीस वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत होतं, आणि तिला ते आवडलं, खोटं कशाला बोला. मग नजर खाली आली. खाली सत्यशीला दोन कार्यकर्त्यांशी वाद घालत होती. चष्मा नाकावर घसरलेला, आवाज बसलेला. माणसं जमू लागली होती.

जमलेल्यांत पालेभाजीच्या रांगेतली गोदाबाई होती. मुक्ताबाईच्या शेजारी तिचा ठेला, आणि जिभेला हाड नाही असं तिचं ती स्वतःच सांगायची. तिने कल्याणीला ओळखलं. एकदा फ्लेक्सकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अय्या, या बघा वहीवाल्या ताई! बरं झालं आलात. तुम्हीच सांगा आता. ही मुक्ताबाईची पोरगी का नाय? केसमधली पोरगी लिवलंय वाटतं खाली. आम्हाला तर गावाला गेली म्हून सांगितलं व्हतं."

सगळे कल्याणीकडे बघू लागले. रांगेत टोपल्यांमागे पाठ करून बसलेली मुक्ताबाई तेवढी वळली नाही. पण तिचे हात थांबले.

सत्यशीलाने भावजयीकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रारीची धमकी नव्हती. विनंती होती, आणि सत्यशीला कुणाला विनंती करते हे कल्याणीने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

"कुणाची मुक्ताबाई?" कल्याणी म्हणाली. सभेत बोलायचा आवाज होता तिचा, या वेळी कामाला आला. "ही माझी भाची. नगरची. घरच्या कार्यक्रमाचा फोटो आहे तो. आमच्या पोराने भलताच फोटो उचलला आणि भलतंच खाली लिहिलं. माझ्या भावाने बघितलं तर मला माहेर बंद होईल. म्हणून तर पळत आले. ज्ञानदेव, काढ बाबा आधी तो."

"घ्या," गोदाबाई म्हणाली. "लिवता येत नाय आणि निवडणूक लढवायला निघाले." हशा पिकला. कल्याणीने तो हशा अंगावर घेतला. उद्या तो सगळ्या पेठांत फिरणार होता, हे तिला माहीत होतं.

"मुद्दाच नाही ताई, पण साहेबांचा फोटो..." कार्यकर्ता पुन्हा सुरू झाला.

"साहेब वर आहेत ना? वर राहू दे. खालचा अर्धा काप."

"खालच्या अर्ध्यात तुम्ही आहात, ताई."

"मला दिसतंय."

"साहेब सहाला येतील. तुमचा फोटो नसेल तर..."

"तर मी स्वतः उभी राहते ना खाली. फोटोपेक्षा बरी दिसते मी." आणि ती परांचीखाली जाऊन उभी राहिलीही. "आयुष, चढ. ज्ञानदेव, याला शिडी दे."

शहाळेवाल्याकडून चाकू आला. आयुष बांबूवर चढला. शिडी एका बाजूने आईने धरली, दुसऱ्या बाजूने आत्याने. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण शिडी हलली नाही. चर्र करत फ्लेक्स आडवा फाटत गेला, धोंडिबांच्या नावाच्या बरोबर खालून. खालचा भाग लोंबला, मग सुटून पडला. कल्याणीने तो जमिनीला टेकायच्या आत धरला आणि छपाई आत येईल असा गुंडाळायला घेतला.

वर राहिले साहेब, साहेबांचे साहेब आणि मुंडासं बांधलेला एक हमाल. खाली कुणी नाही, काही मागणं नाही.

"असा जास्त चांगला दिसतो," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि नंतर त्याच पदराने उगाचच घामही पुसला.

मंडईत फ्लेक्सचा तुकडा म्हणजे पावसाळ्याची तरतूद. लगेच हात पुढे आले. "ताई, द्या की, टोपल्यावर टाकायला होईल." "मला द्या हो, माझा कोपरा गळतो." कल्याणीने गुंडाळी छातीशी धरली आणि सगळ्यांना नाही म्हणत ती गर्दीतून बाहेर निघाली. सत्यशीला तिच्या बाजूने चालू लागली.

"तिकीट गेलं बहुतेक," कल्याणी म्हणाली.

"बहुतेक." सत्यशीला खोटं बोलली नाही. मग म्हणाली, "पण सहाला मी तुझ्याशेजारी उभी राहणार आहे. वीस वर्षं काय केलंस ते साहेबांना मी सांगणार. ऐकायला वेळ नसेल त्यांना, तरी सांगणार."

"तुम्ही? राजकारण्यांपुढे?"

"काउंटरच्या बाहेर आलेय आता."

कल्याणीला हसू आलं आणि रडूही. दोन्हीपैकी काय करावं ते ठरायच्या आत कुणीतरी तिच्या साडीला धरलं. मुक्ताबाई होती. टोपल्या तशाच टाकून आली होती. आजूबाजूला बघून, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "वहिनी, तो तुकडा कुणाला नका देऊ."

"नाही देत गं. घरी नेऊन जाळून टाकते."

"जाळू नका." मुक्ताबाई घुटमळली. "मला द्या."

कल्याणीने छातीशी धरलेली गुंडाळी खाली घेतली.

"खोलीत लावते. आतल्या भिंतीला. कुणी येत नाय आमच्याकडं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "केस झाल्यापासून एकदाच हसली ती. तुमच्या फुडं. मघा सगळ्यांत मला नीट बघता आलं नाय."

कल्याणीने सत्यशीलाकडे पाहिलं. नियमाचं माणूस तेच होतं. सत्यशीलाने होकारार्थी मान हलवली.

"खालची ओळ कापून देते," कल्याणी गुंडाळी पुढे करत म्हणाली. "पण मुक्ताबाई, त्यात मीही आहे. एवढी मोठी. तुमच्या खोलीत मावायची नाही."

"असू द्या," मुक्ताबाई म्हणाली. "तुमच्याकडं बघूनच तर हसती ती."

चौकाच्या टोकाला पाठीवर सॅक लावलेली एक मुलगी रस्ता ओलांडत होती. फ्लेक्सकडे तिने एकदा बघितलं, कुणीतरी आजोबा होते. मग आईला शोधत ती भाजीच्या रांगेकडे वळली.